फ्लाइटगियरचा घरचा सर्व्हर: ‘मी उडतोय, पण कुणीच दिसत नाही’

घरातला जुना लॅपटॉप, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली, त्यात एफजीएमएस म्हणजे फ्लाइटगियर या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरचा मल्टिप्लेयर (अनेकांनी एकत्र उडायचा) सर्व्हर, आणि वेगवेगळ्या शहरांतून जोडले जाणारे पाच-सात मित्र. आमच्या गटाची मांडणी अशी आहे आणि ती सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. तक्रार मात्र नेहमी एकच येते: ‘कालपर्यंत चालत होतं, आज आकाशात मी एकटाच.’ ती सोडवताना एक क्रम ठरत गेला, तो इथे मांडतोय.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. फ्लाइटगियरचा मल्टिप्लेयर यूडीपी नावाच्या माहिती पाठवण्याच्या पद्धतीवर चालतो. तुमचा सिम्युलेटर ठरलेल्या पत्त्यावर पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) फेकत राहतो, ती पोचली की नाही याची पावती कुणी देत नाही. सर्व्हर बंद असो, पत्ता जुना असो, नाहीतर फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी सोय) आडवी आलेली असो, पडद्यावर कसलाही एरर येत नाही. विमान छान उडत राहतं. म्हणून ‘एरर नाही, म्हणजे माझ्याकडे सगळं ठीक आहे’ हे वाक्य कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. आणि सर्व्हर चालू असणं वेगळं, तो बाहेरून पोचण्याजोगा असणं वेगळं. एफजीएमएस स्वतः क्वचितच बिघडतो. बिघाड बहुतेक वेळा त्याच्याकडे येणाऱ्या वाटेत असतो.

लक्षणं

आधी नेमकं काय होतंय ते सगळ्यांकडून विचारून घ्या, कारण त्यावरूनच निम्मं निदान होतं.

- कुणालाच कुणी दिसत नाही: सर्व्हर बंद किंवा वाट बंद.
- घरातल्या दोन संगणकांना एकमेक दिसतात, बाहेरच्यांना काहीच नाही: राउटर, पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा तुमचा पत्ता) किंवा सीजीनॅट (नेट कंपनीने अनेक घरं एकाच पत्त्यामागे बसवणं).
- सगळे दिसतात, एकच जण गायब: त्याचं कॉलसाइन (उडताना घेतलेलं नाव), त्याच्या सेटिंग्ज किंवा त्याचं अंतर.
- लाईट जाऊन आली आणि तेव्हापासून बंद: जवळजवळ नक्कीच पत्ता बदललाय.
- दिसतात, पण उड्या मारत किंवा मागे-पुढे सरकत: अपलोड किंवा वायफाय.

‘त्याचं विमान मला ग्लायडर दिसतंय’ अशीही तक्रार येते. त्यात सर्व्हरचा संबंध नाही. त्याने घेतलेलं विमान तुमच्या संगणकावर नसेल, तर फ्लाइटगियर त्याच्या जागी ग्लायडर दाखवतं. ते विमान उतरवून घ्या आणि विषय संपवा.

फुकटातली तपासणी: अंतर, कॉलसाइन, पोर्ट

सर्व्हरला हात लावण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. फोनवर दोन मिनिटांत उरकतात.

पहिला प्रश्न: कोण कुठे उडतंय? एफजीएमएस प्रत्येकाला सगळ्यांची माहिती पाठवत नाही. नमुना कॉन्फिगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, ‘आउट ऑफ रीच’ नावाची मर्यादा १०० नॉटिकल मैल असते. मुंबई आणि पुणे विमानतळांत साधारण ६७ नॉटिकल मैल आहेत, त्यामुळे तिथले दोघं एकमेकांच्या यादीत येतात. मुंबई ते दाबोळी सुमारे २३० आणि मुंबई ते नागपूर जवळपास ३७०. म्हणजे एक जण सांताक्रूझला धावपट्टीवर, दुसरा दाबोळीला, आणि दोघंही ‘सर्व्हर बंद आहे का?’ म्हणून ओरडतायत. सर्व्हर व्यवस्थित असतो. तपासताना सगळ्यांना एकाच विमानतळावर उभं करा, वेगवेगळ्या पार्किंगवर. मर्यादा वाढवायची तर कॉन्फिगमध्ये आकडा वाढवता येतो, पण त्याचा भार अपलोडवर पडतो. ते गणित पुढे आहे.

दुसरा प्रश्न कॉलसाइनचा, आणि इथे लोक भलतेच अडकतात. मल्टिप्लेयरच्या पाकिटात कॉलसाइनला सातच अक्षरांची जागा आहे. त्यापुढचं कापलं जातं. दोन भावांनी रोमन लिपीत ‘सह्याद्री-१’ आणि ‘सह्याद्री-२’ अशी नावं घेतली, तर सर्व्हरपर्यंत दोघांची एकसारखीच पोचतात, कारण फरक आठव्या अक्षरानंतर आहे. एकच कॉलसाइन दोन वेगळ्या आयपींवरून आलं, की एफजीएमएस दुसऱ्याची पाकिटं मुकाट टाकून देतो. ना संदेश, ना इशारा. ‘एकच जण गायब’ या लक्षणात मी सर्वात आधी हेच पाहतो. सहा अक्षरांच्या आतलं आणि कुणाशी न जुळणारं नाव घ्यायला सांगा.

याचीच आणखी एक छटा आहे. एखाद्याचं नेट मध्येच तुटलं आणि नव्या आयपीने परत आलं, तर जुनी नोंद गळेपर्यंत तो बाहेरच राहतो. ही मुदत नेहमीच्या सेटिंगमध्ये १० सेकंदांची असते. थांबा म्हणावं, लगेच सेटिंग्ज उचकू नका.

तिसरा प्रश्न पोर्टचा, म्हणजे संगणकाच्या क्रमांकित दाराचा. सर्व्हर ५००० वर ऐकतो. ज्या संगणकावर सर्व्हर आहे त्याच्यावरच तुम्ही उडतही असाल आणि फ्लाइटगियरच्या मल्टिप्ले सेटिंगमधल्या ‘इन’ पर्यायात ५००० लिहिलं असेल, तर एकाच पोर्टवर दोन दावेदार होतात. क्लायंटला, म्हणजे तुमच्या सिम्युलेटरला, ५०१० वगैरे दुसरा आकडा द्या. ‘आउट’ पर्यायातला ५००० मात्र बदलायचा नाही, कारण तो सर्व्हरचा आहे. बाहेरच्या मित्रांना त्यांच्या राउटरवर काही उघडावं लागत नाही. ते उगाच तिथे खुडबुड करत असतील तर थांबवा.

आणखी एक: कुणाकडे २०१७ च्या आधीची आवृत्ती असेल तर ती बदलून घ्या. त्या वर्षी मल्टिप्लेयरचा नवा प्रोटोकॉल (माहिती मांडण्याची पद्धत) आला. जुन्यावर विमान दिसलं तरी चाकं, फ्लॅप यांच्या हालचाली नीट येतील याची खात्री नसते.

सर्व्हर जिवंत आहे का?

लॅपटॉपवर टर्मिनल उघडा आणि टेलनेट या मजकुरी जोडणीच्या प्रोग्रॅमने त्याच मशीनच्या ५००१ पोर्टवर जा. एफजीएमएस लगेच काही ओळी ओकतो: स्वतःचं नाव, आवृत्ती, किती पायलट ऑनलाइन आहेत, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं स्थान आणि विमान. थेट तुमच्या सर्व्हरला जोडलेल्या पायलटच्या नावाला ‘ॲट लोकल’ असं शेपूट असतं.

या यादीचे तीन अर्थ निघतात. यादी आलीच नाही, तर प्रोग्रॅम बंद आहे. यादी आली पण रिकामी आहे, तर सर्व्हर जिवंत आहे आणि त्याच्यापर्यंत कुणी पोचलेलं नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव यादीत दिसतंय, तर त्याची पाकिटं येतायत; गोंधळ अंतराचा किंवा परतीच्या वाटेचा आहे. मी बाकी काही करण्याआधी ही यादी पाहतो, कारण पुढे कुठल्या दिशेला जायचं ते तीच सांगते.

प्रोग्रॅम बंद सापडला, तर कारण बहुधा दोनांपैकी एक. एक, मशीन रीस्टार्ट झालं आणि एफजीएमएस हाताने सुरू केलेला होता. त्याची सिस्टिमडी सेवा बनवून ठेवा, म्हणजे बूट झाल्यावर आपोआप उठेल. दोन, कुणीतरी आवराआवर करताना लॅपटॉपचं झाकण लावलं. उबुंटू झाकण बंद झालं की मशीन झोपवतो. उबुंटूच्या लॉगिनडी सेवेच्या कॉन्फिगमध्ये झाकणाची सेटिंग ‘इग्नोर’ करा. घरात लहान मुलं आणि सणासुदीची साफसफाई असेल तर हे आजच करून टाका.

कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हर ॲड्रेस’ची ओळ रिकामी सोडा. तिथे आजचा आयपी लिहून ठेवलात तर उद्या तो बदलला की सर्व्हर उठणारच नाही. नमुना फाइलमध्ये रिलेच्या ओळी असतील तर त्याही बंद ठेवा. त्या इतर सार्वजनिक सर्व्हरांशी जोडण्यासाठी असतात, घरच्या गटाला त्यांचा उपयोग नाही.

घरातल्या घरात चाचणी

आता दुसऱ्या संगणकावर फ्लाइटगियर चालू करा आणि सर्व्हर म्हणून लॅपटॉपचा आतला आयपी द्या, १९२.१६८ ने सुरू होणारा. टेलनेटच्या यादीत नाव आलं, तर सर्व्हर आणि त्याची फायरवॉल दोन्ही निर्दोष. इथून पुढे फक्त बाहेरची वाट शोधायची.

नाव आलं नाही तर उबुंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल पाहा. ती मुळात बंद असते, पण कुणी चालू केली असेल तर ५००० ला यूडीपीसाठी परवानगी हवी. लोक सवयीने टीसीपी (पावती घेणारी दुसरी पद्धत) उघडतात आणि मग तासभर डोकं खाजवतात. सर्व्हर विंडोजवर असेल तर आणखी एक गोम आहे. राउटर बदलला किंवा नेटवर्क नव्याने ओळखलं गेलं की विंडोज त्याला ‘पब्लिक’ ठरवू शकतो, आणि ‘प्रायव्हेट’साठी दिलेली परवानगी तिथे लागू होत नाही.

ही चाचणी घरातून पब्लिक आयपी टाकून करू नका. बऱ्याच घरगुती राउटरांना आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणं जमत नाही, त्यामुळे सगळं ठीक असूनही तुम्हाला अपयश दिसेल. बाहेरची चाचणी बाहेरूनच घ्यायची: मित्राकडून, किंवा दुसरा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून.

लाईट गेली, पत्ता बदलला

वारंवार परतणाऱ्या बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, एफजीएमएसला कशाचा पत्ताही नसतो. राउटर मात्र बंद पडतो आणि पुन्हा उठतो. उठल्यावर दोन गोष्टी बदललेल्या असू शकतात: लॅपटॉपचा आतला आयपी आणि कनेक्शनचा बाहेरचा आयपी. सर्व्हरवर पाहिलं तर सगळं हिरवंगार, आणि मित्र मात्र जुन्या पत्त्यावर पाकिटं फेकतायत.

आतल्या आयपीचा बंदोबस्त एकदाच करायचा असतो. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन, काही ठिकाणी त्याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, तिथे लॅपटॉपच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ठरलेल्या क्रमांकाला) कायमचा आयपी बांधून द्या. मॅक पत्ता लॅन केबलचा वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो. जो वापरता त्याचाच द्या. हे केलं नाही तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली पाकिटं राउटरने लॅपटॉपकडे वळवणं) उद्या तुमच्या टीव्हीकडे बोट दाखवत बसेल.

बाहेरच्या आयपीसाठी डायनॅमिक डीएनएस घ्या, म्हणजे बदलत्या आयपीला कायम एकच नाव. मोफत सेवा आहेत, आणि पुष्कळ राउटरांत तशी सोयही असते. मित्रांना आकड्यांऐवजी नाव द्यायचं. मात्र फ्लाइटगियर आधीपासून चालू असेल तर तो जुन्याच आयपीला धरून बसलेला असू शकतो. लाईट जाऊन आल्यावर सगळ्यांना मल्टिप्लेयर तोडून पुन्हा जोडायला सांगा.

राउटरला छोटा डीसी यूपीएस लावलात तर निम्मा त्रास कमी होतो. दरवेळी सेटिंग्ज उपसण्यापेक्षा तो खर्च परवडतो असं माझं मत आहे.

पोर्ट फॉरवर्डिंग आणि खोटं बोलणाऱ्या वेबसाइट

राउटरमध्ये यूडीपी ५००० लॅपटॉपच्या आतल्या आयपीवर वळवा. ५००१ बाहेर उघडू नका. त्याला पासवर्ड नसतो, आणि ती यादी तुम्हाला घरातच हवी असते.

यानंतर सगळे जण ‘पोर्ट उघडं आहे का’ सांगणाऱ्या वेबसाइटवर जातात, तिथे ‘क्लोज्ड’ दिसतं, आणि नीट चाललेली सेटिंग पुन्हा उसकटतात. त्या साइट बहुतेक टीसीपी तपासतात. यूडीपीवर एफजीएमएस अनोळखी पाकिटाला उत्तरच देत नाही, मग साइटला कळणार कुठून?

खरी तपासणी लॅपटॉपवरच होते. टीसीपीडंप हा येणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम यूडीपी पोर्ट ५००० वर लावून ठेवा आणि बाहेरच्या मित्राला जोडायला सांगा. त्याच्या आयपीवरून सेकंदाला दहाएक ओळी धावायला लागल्या, तर वाट उघडी आहे आणि दोष तुमच्या मशीनमध्ये शोधा. एकही ओळ हलली नाही, तर पाकिटं राउटरच्या अलीकडे पोचतच नाहीत. लॅपटॉपवर वेळ घालवू नका.

पोर्ट फॉरवर्ड केलेलं आहे, तरी टीसीपीडंप शांत? मग घरात दोन राउटर आहेत का पाहा. नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्यामागे तुम्ही आपला चांगला राउटर लावलेला असतो. तुमच्या राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा हीच भानगड आहे. फॉरवर्डिंग दोन्हीकडे लागतं, किंवा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, टाकून घ्यावा लागतो.

सीजीनॅट: इथे राउटरचा इलाज चालत नाही

राउटरच्या पानावरचा वॅन आयपी आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा आयपी शेजारी ठेवा. वेगळे असतील आणि वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा खास याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्याऐवजी १० ने सुरू होणारे आकडे देतात. आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत, म्हणून कंपनी एकाच पब्लिक आयपीमागे अनेक घरं बसवते. तुमचं पोर्ट ज्या यंत्रावर उघडायला हवं ते कंपनीकडे आहे, तुमच्या हॉलमध्ये नाही. कनेक्शन पूर्वी चालत होतं आणि एके दिवशी कायमचं थांबलं, तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे हलवलं असण्याची दाट शक्यता.

मार्ग तीन आहेत. टेलस्केल किंवा झीरोटिअरसारखं खासगी जाळं प्रत्येकाने टाकायचं आणि सर्व्हर म्हणून त्या जाळ्यातला पत्ता द्यायचा. लहान गटाला हे पुरेसं आहे, आणि दोन्हींच्या मोफत योजना आहेत. टेलस्केलचे पत्तेही १०० ने सुरू होतात, ते पाहून घाबरू नका. दोघांत थेट वाट जुळली नाही तर वाहतूक त्यांच्या रिलेवरून फिरते आणि विमानं अडखळतात. दुसरा मार्ग, कंपनीकडून महिन्याच्या भाड्याने स्टॅटिक (न बदलणारा) पब्लिक आयपी. तिसरा, भाड्याचा क्लाउड सर्व्हर. ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात. महाराष्ट्रातल्या गटाला दोन्ही जवळची. आठ-दहा जणांसाठी एफजीएमएसला सर्वात लहान लिनक्स मशीनही जड होत नाही. फक्त तिथे फायरवॉल दोन असू शकतात, एक क्लाउडच्या पॅनेलमध्ये आणि एक मशीनच्या आत. यूडीपी ५००० दोन्हीकडे उघडा.

विमानं उड्या मारतात

प्रत्येक पायलट साधारण सेकंदाला १० पाकिटं पाठवतो आणि एक पाकीट जास्तीत जास्त १२०० बाइटचं. म्हणजे एका पायलटमागे वरची मर्यादा ९६ किलोबिट. सर्व्हरला मात्र प्रत्येकाचं पाकीट उरलेल्या सगळ्यांना पाठवायचं असतं. चार जण असतील तर अपलोड सव्वा मेगाबिटच्या आत. आठ जणांना ५.४ मेगाबिट. सोळा जण झाले की २३. माणसं दुप्पट, भार चौपटीहून जास्त. प्रत्यक्षात पाकिटं बहुधा लहान असतात, पण घरात त्याच वेळी कुणी फोटोंचा बॅकअप चढवत असेल तर फरक लगेच जाणवतो. अंतराची मर्यादा वाढवण्याआधी हे गणित मांडून बघा. एरवी, सर्व्हरला वायफायवरून काढून लॅन केबल लावा. बहुतेकदा तेवढ्यानेच उड्या थांबतात.

इथे हात थांबवा

फायबरच्या डब्यावर लाल लॉस दिवा लुकलुकत असेल तर तो सिग्नलचा बिघाड आहे. फायबरचा कनेक्टर स्वतः काढू नका, त्याच्या टोकात डोकावू तर अजिबात नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. तंत्रज्ञाला बोलवा.

डब्याचं फॅक्टरी रीसेट करू नका. त्यात पीपीपीओईचं लॉगिन आणि व्हीलॅनचा आकडा, म्हणजे कंपनीशी जोडणी करणाऱ्या सेटिंग्ज, असतात. ते पुसले गेले तर सर्व्हरच काय, घरचं नेटही जाईल, आणि ते कंपनीचा माणूसच परत भरू शकतो. ब्रिज मोडही त्यालाच करू द्या. आणि वैतागून लॅपटॉप डीएमझेडमध्ये टाकू नका. त्याने एक पोर्ट उघडण्याऐवजी अख्खं मशीन बाहेर उघडं पडतं.

कस्टमर केअरला ‘गेम चालत नाही’ म्हणालात तर स्पीड टेस्ट करायला सांगून फोन ठेवतील. सरळ विचारा: ‘माझं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे का? स्टॅटिक पब्लिक आयपी मिळेल का, महिन्याला किती, आणि त्यावर येणारी यूडीपी वाहतूक तुम्ही अडवता का?’ सोबत वॅन आयपीचा स्क्रीनशॉट तयार ठेवा. सीजीनॅट आहे आणि स्टॅटिक आयपी मिळणार नाही, किंवा यूडीपी अडवतो, असं उत्तर आलं तर त्या कनेक्शनवर आणखी वेळ घालवू नका, क्लाउडचा लहान सर्व्हर घ्या.